वाइन मुरला

ईलिंगच्या त्या चर्चच्या हॉलमध्ये मी चार वर्षांनी पाय ठेवला, तो एक चूक दुरुस्त करायला. लपवून काय उपयोग, माझा स्वभावच तसा आहे. दुकानाच्या पाटीवर एखादा ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला दिसला तरी तो मला दिवसभर दाताखाली आलेल्या खड्यासारखा छळतो. इथे तर चूक छापून आली होती, आणि तीही आमच्या घरातल्या शब्दाची.

छापलेला कागद जेफ्रीने पाठवला होता. जेफ्री म्हणजे आमच्या, खरं तर माझ्या नवऱ्याच्या, विनयच्या, वाइन क्लबचा अध्यक्ष. निवृत्त डेंटिस्ट, उंच, वाकलेला, बोलताना अजूनही समोरच्याच्या दातांकडे बघणारा. त्याने कळवलं की सिन्योर ओरेस्ते गेले. इटलीच्या उत्तरेकडच्या डोंगरात वाइन करणारे हे ओरेस्ते. त्यांचं नाव घेताना क्लबातली माणसं आवाज खाली आणायची, आपल्याकडे गवयाचं नाव घेताना आणतात तसा. द्राक्षं उतरवायच्या ऐन तोंडावर म्हातारा गेला, म्हणून नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी सगळ्यांनी त्याच्या आठवणीसाठी जमायचं ठरलं. कागदावर त्यांचा फोटो होता, लोकरीची टोपी घालून मोठ्या लाकडी पिंपाला कान लावलेला. फोटोखाली ठळक अक्षरात एकच शब्द, ‘मुर्ला’. आणि त्याखाली बारीक अक्षरात, ‘त्यांच्या डोंगराळ बोलीतला जुना शब्द. अर्थ, वाइन तयार झाली.’

बोलीतला कसला डोंबलाचा. तो शब्द मराठी आहे. तो आमच्या मुलीचा, सईचा आहे. वयाच्या नवव्या वर्षी तिने तो ओरेस्तेंच्या तळघरात उच्चारला, आणि चुकीचा उच्चारला. हे ठाऊक असलेली जगात चार माणसं होती. त्यातला विनय गेला, आता ओरेस्ते गेले. सई साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे, आणि आमचं बोलणं होतं ते इंग्रजीत, थोडक्यात, तब्येतीपुरतं. म्हणजे सांगायला उरले मी. आज नाही सांगितलं तर हा शब्द कायमचा त्या डोंगरांच्या नावावर चढणार, असं मनात आलं आणि मी कोट घातला.

हॉल तसाच आहे. कोपऱ्यात एकावर एक रचलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर प्लेग्रुपच्या मुलांनी रंगवलेली कागदी घुबडं, आणि हीटर लावला की तापलेल्या धुळीचा वास. त्यात ओल्या कोटांचा वास मिसळतो, मग चीजचा, आणि बाटल्या उघडून थोडा वेळ गेला की सगळ्यांच्या वरून तो एक वास येतो. गुलकंद आणि नुकताच केलेला डांबरी रस्ता, असं विनय त्याचं वर्णन करायचा. मला पहिल्यांदा हसूच आलं होतं. पुढे एकदा पुण्याला गेलेले असताना रस्त्याचं काम चालू होतं, शेजारी पानाची टपरी होती, आणि मी चालता चालता थांबले. तो वास तिथे होता. विनय सोबत नव्हता, म्हणून मी घरी येऊन त्याला फोन केला होता.

महिन्याच्या पहिल्या गुरुवारी मी त्याला इथे घेऊन यायची. मी वाइनवाली नव्हेच, दोन घोट घेतले की माझे कान लाल होतात. मी यायची ती गाडी चालवायला, आणि खरं सांगायचं तर विनयचं तोंड बघायला. ब्रॅकनेलच्या ऑफिसातून तो घरी यायचा तेव्हा त्याच्यात बोलायचंही त्राण नसायचं. इथे ग्लासात नाक खुपसलं की त्याच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून जायच्या. लग्न होऊन आम्ही पहिल्यांदा या देशात आलो तेव्हाचा मुलगा मला त्या दोन तासांत परत दिसायचा.

ओरेस्तेंची बाटली उघडली की क्लबात एक रिवाज होता. छानबिन कुणी म्हणायचं नाही. घोट घेऊन झाला की डावीकडून सुरुवात करून प्रत्येकाने एवढंच सांगायचं, ‘मुर्ला’, किंवा ‘अजून नाही’. ओरेस्ते स्वतः तसं विचारतात, असं तिकडे जाऊन आलेल्या कुणीतरी सांगितलं आणि तेव्हापासून ती पद्धतच पडली. पांढऱ्या केसांची ती सगळी इंग्रज माणसं गंभीर चेहऱ्याने, शेवटच्या ‘ला’वर जोर देत एकामागून एक म्हणायची, मुर्ला, मुर्ला, मुर्ला. आणि टेबलापलीकडून विनय मला डोळा मारायचा.

“सांग ना त्यांना,” मी परत जाताना गाडीत म्हणायची.

“कशाला? सईचा शब्द फिरतोय लंडनभर, फिरू दे की.”

“पण चुकीचा फिरतोय.”

“तू आणि तुझं व्याकरण,” असं म्हणून तो खिडकीच्या काचेला डोकं टेकायचा.

आज त्याच्या नेहमीच्या खुर्चीवर एक मराठी मुलगा बसला होता. मुलगा म्हणजे तिशीतला. मला बघून उठला.

“नमस्कार काकू, मी अमेय. जेफ्री म्हणाला की एक मराठी लेडी येणारेत, सो मी वाटच बघत होतो. तुम्ही बसा, मी ग्लास आणतो.”

नागपूरचा निघाला. ब्रॅकनेलला नोकरी, वर्क व्हिसावर येऊन जेमतेम वर्ष झालेलं. बायकोच्या व्हिसाचे कागद अडकलेत, ती अजून तिकडेच. “वीकेंडला काय करायचं प्रश्नच असतो काकू, फ्लॅटमध्ये बसून बसून बोअर होतं, म्हणून क्लब जॉइन केला.” मग त्याने जेफ्रीचा कागद पुढे केला आणि हसत म्हणाला, “हे बघितलंत? मुर्ला. साउंड्स एक्झॅक्टली लाइक आपलं मुरला, नाही? मला एकदम लोणचंच आठवलं.”

“थांब थोडा वेळ,” मी म्हणाले. “सांगते सगळ्यांनाच.”

जेफ्रीने सांगून ठेवलं होतं की ज्याला बोलायचंय त्याने दोन मिनिटं बोलावं. माझी दोन मिनिटं मी घरी आरशासमोर म्हणून आले होते, इंग्रजीत, दोनदा.

ओरेस्तेंच्या गावी आम्ही जायचो ते ऑक्टोबरच्या शेवटी, शाळेला हाफ-टर्मची सुट्टी असायची तेव्हा. अशी सात वर्षं गेलो. विनयने कॅसेट लावून ट्रेनमध्ये जाता-येता इटालियन शिकून घेतलं होतं आणि ते तो पुणेरी ठसक्यात बोलायचा. सकाळी खिडकी उघडावी तर डोंगर नसायचेच. खालच्या दरीत धुकं भरलेलं असायचं आणि त्यातून फक्त एका देवळाची घंटा आणि ट्रॅक्टरचा आवाज यायचा. दहा-साडेदहाला धुकं वर सरकायचं, मग द्राक्षांच्या ओळी दिसायला लागायच्या, पिवळ्या आणि तांबड्या पडलेल्या. हवेत सगळीकडे आंबूस वास, फुगून वर आलेल्या इडलीच्या पिठासारखा. जमिनीखालून कुत्र्यांकडून शोधून काढतात ती तिथली महागडी अळंबी, ट्रफल्स, मला एकाने हुंगायला दिली, आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, हा तर हिंग. विनयला त्याचं भाषांतर करता येईना.

ओरेस्तेंच्या घराला पाटी नव्हती. फोन उचलायचे नाहीत. दार वाजवायचं आणि उभं राहायचं. दार उघडलं की आधी ते तुमच्या बुटांकडे बघायचे, चिखल लागलेला असेल तर खूश व्हायचे. वाइन विकत मागणाऱ्याला त्यांचा एकच प्रश्न असायचा, कोणाबरोबर पिणार. त्याचं उत्तर पटलं तर सहा बाटल्या, नाहीतर तीन. विनयने पहिल्या वेळी आमच्या दोघींची नावं सांगितली, मग शेजाऱ्यांची, मग ऑफिसातल्या दोघांची, आणि म्हाताऱ्याने हात वर करून पुरे म्हटलं होतं.

तळघराच्या पायऱ्या दगडी होत्या, मधोमध झिजून खोलगट झालेल्या. खाली खोलीएवढाली लाकडी पिंपं. ओरेस्ते आधी पिंपाला कान लावायचे, मग बोटाच्या पेराने ठोकायचे, मग काचेच्या लांब नळीने थोडी वाइन काढून ग्लासात सोडायचे. रंग कोकमाच्या सरबताइतका फिका. पहिला घोट ते स्वतः घ्यायचे आणि तोच ग्लास पुढे करायचे. आता आली का पंचाईत. उष्टं. विनयने बिनदिक्कत घेतला. मी आपली पोटाचं कारण सांगून मोकळी झाले, आणि मग ओरेस्तेंच्या बायकोने माझ्यासाठी खास वरून गरम गरम सूप आणलं, त्याने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सई आमच्याबरोबर तिथे दोनदाच आली. दुसऱ्यांदा आली तेव्हाची ही गोष्ट.

आम्ही प्रवासाला निघताना बरोबर पोळ्या आणि लिंबाच्या लोणच्याची बाटली घेणारी माणसं. त्या वर्षी विनयने ती बाटली ओरेस्तेंना भेट दिली. तळघरातल्या उलट्या खोक्यावर पाव ठेवलेला होता, त्याच्याबरोबर म्हाताऱ्याने लोणच्याची फोड खाल्ली, डोळे मिटले, आणि विचारलं की हे किती दिवसांचं. दीड वर्षाचं, विनय म्हणाला. मग त्याला समजावून सांगायचं होतं की लिंबू आणि मीठ एकत्र केलं म्हणून लोणचं होत नाही, ते मुरावं लागतं. त्याच्या कॅसेटमध्ये हा शब्द नव्हता. तो बाटलीकडे बोट दाखवी, पिंपाकडे दाखवी, कपाळ चोळी, आणि मराठीतच म्हणे, मुरलं, मुरलं. सई थंडीने गारठून माझ्या कोटाला चिकटून उभी होती. तिला मात्र लख्ख कळलं. तिने पिंपावर हात ठेवला आणि विचारलं, “मग हा वाइन मुरला?”

“हा नाही, ही,” मी म्हणाले. “वाइन मुरली. लोणचं मुरलं, मुरंबा मुरला, वाइन मुरली.”

हे माझ्या जिभेवरच असायचं. त्या काळात मी दर रविवारी इथल्या एका कम्युनिटी हॉलमध्ये मराठीचा वर्ग घेत होते. तो चमचा, ती वाटी, ते ताट. तो कप, ती बशी. पंधरा-वीस मुलं सुरात म्हणायची, आणि त्यात माझीच मुलगी चुकायची. खुर्चीला पुरुष करायची आणि पंख्याला बाई. ज्या भाषेत सगळ्या वस्तूंना एकच शब्द पुरतो, त्या भाषेत दिवसभर शाळा, त्याला ती तरी काय करणार. पण हे मला आज सुचतं.

ओरेस्तेंनी विचारलं की काय चाललंय. विनयने सांगितलं की मुलगी वाइनला पुल्लिंगी म्हणाली आणि आई म्हणते स्त्रीलिंगी. म्हातारा हसला. आमचा विनो, म्हणजे वाइन, पुल्लिंगी आहे, म्हणाला, मुलीचं बरोबर आहे. आणि टोपी काढून त्याने सईला विचारलं, “मुर्ला?” त्यांच्या बोलीत म्हणे अशी कितीतरी क्रियापदं शेवटी ‘आ’ करून संपतात, त्यामुळे शब्द त्यांच्या तोंडात असा बसला की जणू तिथलाच. खडूने त्यांनी तो पिंपावर लिहिला. आम्ही सगळे हसलो. परतताना दाट धुकं होतं, विनय गाडी अगदी सावकाश चालवत होता, माझ्या मांडीवर भाजलेल्या हेझलनटची कागदी पिशवी गरम लागत होती, आणि सई मागच्या सीटवर झोपून गेली होती. एअरपोर्ट येईपर्यंत कुणी एक शब्द बोललं नाही. माझ्या आयुष्यातल्या अतिशय सुखाच्या प्रवासांमध्ये मी तो धरते.

पुढल्या ऑक्टोबरला सई मैत्रिणीकडे राहिली. आम्ही दोघंच गेलो. नाताळाला ओरेस्तेंचं कार्ड यायचं, त्यावर कुठल्या पिंपात काय चाललंय ते लिहिलेलं आणि शेवटी, अजून नाही मुर्ला. विनय ती कार्डं जिन्याखालच्या कपाटात बाटल्यांच्या शेजारी ठेवायचा. ते कपाट उघडलं की लाकडाचा, बुचाचा आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या धुळीचा मिळून एक वास येतो. सई कधीतरी मला आईऐवजी मम म्हणायला लागली. मग ती रविवारी वर्गाला यायची थांबली. मग मी मराठीत विचारायची आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि आम्हाला दोघींना त्याची सवय झाली. घरात पूर्ण वाक्यं मराठीत बोलणारी आम्ही दोघंच राहिलो. आणि आता चार वर्षं मी एकटी. एकटीने मराठी बोलता येत नाही. मी करून पाहिलंय, कुकरशी, टीव्हीशी, कपाटातल्या त्या बाटल्यांशीसुद्धा. पण कुणी मध्ये तोडत नाही, कुणी “तू आणि तुझं व्याकरण” म्हणत नाही, त्यामुळे वाक्य पुरं करावंसंच वाटत नाही.

म्हणून मला तो शब्द परत हवा होता. माझ्या घरातलं बोलणं आता फक्त या हॉलमध्ये, या परक्या लोकांच्या तोंडात शिल्लक होतं आणि त्यांना ते माहीतही नव्हतं.

चार-पाच जण बोलले. एकाने सांगितलं की त्याला चिखल न लागलेल्या बुटांमुळे तीनच बाटल्या मिळाल्या होत्या. एक बाई ओरेस्तेंच्या बायकोच्या सूपबद्दल बोलता बोलता रडली. मग माझ्याआधी जेफ्री उभा राहिला.

“हा शब्द,” कागद वर धरून तो म्हणाला, “कुठून आला असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. शेवटच्या भेटीत. ते म्हणाले, एका लहान मुलीने दिला. तळघरात उभी होती, थंडीने नाक लाल झालेलं. तिने पिंपाला हात लावून विचारलं, मुर्ला? आणि तिच्या आईने तिला सगळ्यांसमोर थांबवलं, की असं नाही म्हणायचं, हे चूक आहे. मी आईला सांगितलं, मुलगी बरोबर बोलतेय. आईने ऐकून घेतलं नाही. मुलीने जो हात काढून घेतला तो परत काही लावला नाही, आणि त्यानंतर ती एक शब्द बोलली नाही. म्हणून मी तो शब्द तिने म्हटला तसाच ठेवला. मला वाटलं, कुणीतरी ठेवायला हवा.”



“खेड्यातली शिकलेली आई असणार,” जेफ्री म्हणाला. “पोरांनी शुद्ध इटालियन बोलावं, बोलीभाषा बोलू नये, असं वाटणारी. तसल्या आया सगळीकडे असतात.”

“बिचारी मुलगी,” त्याची बायको मॉरीन चीज कापता कापता म्हणाली, आणि तिथल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी खुर्चीत बसून होते. माझ्या हातात माझ्या दोन मिनिटांचा कागद होता, घडी घातलेला. ती आई मी, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द, व्याकरणात बसणारे. त्यांनी टाळ्याही वाजवल्या असत्या, माणसं चांगली आहेत. पण मला त्या म्हाताऱ्याची शरम वाटली. त्याला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं, आणि माझ्या मुलीच्या मराठीला त्याने वीस-पंचवीस वर्षं जितकं सांभाळलं तितकं मी, शिक्षिका असून, एक दिवस सांभाळलं नव्हतं. आम्ही सगळे हसलो असं मी मघाशी लिहिलं. सई हसली होती का, हे मला आठवत नव्हतं.

“तुम्ही बोलणार होतात ना?” जेफ्रीने विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली. अमेय माझ्याकडे बघत होता.

मग ओरेस्तेंची जुनी बाटली उघडली आणि रिवाजाप्रमाणे डावीकडून सुरुवात झाली. मुर्ला. मुर्ला. एकजण म्हणाला अजून नाही, त्याला नेहमीच वेगळं काहीतरी म्हणायचं असतं. अमेय जरा लाजत म्हणाला, मुर्ला. मग माझी पाळी आली. मी घोट घेतला. तो गुलकंद तिथे होता, तो रस्ताही होता. इतकी वर्षं या टेबलाशी बसून मी कधी तो शब्द उच्चारलेला नव्हता. चुकीचा शब्द माझ्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं, म्हणून मी नुसती मान डोलवायची आणि विनय हसायचा.

“मुरला,” मी म्हणाले. सईसारखा, ‘र’ न जोडता, शेवटी जोर न देता.

बाहेर पडले तेव्हा पाचच वाजले होते आणि पूर्ण अंधारलं होतं. अमेय बस-स्टॉपपर्यंत आला. “काकू, तो शब्द,” तो म्हणाला, “तुम्ही काहीतरी सांगणार होतात.” पुढच्या गुरुवारी, मी म्हणाले. त्याने फार आग्रह केला नाही, नुसतंच विचारलं की लोणचं करता का घरी. करते, म्हणाले. तो स्टेशनकडे वळला आणि मी सईला फोन लावला.

“हाय मम. एव्हरीथिंग ओके?” मागे ट्रॉलीचा आवाज, कुणाचा तरी पेजर.

सगळं ठीक आहे, मी म्हणाले. ओरेस्ते आजोबांच्या आठवणीसाठी जमलो होतो, तुला ते आठवतात का? आणि आज वीस माणसांनी तुझा शब्द म्हटला.

“व्हॉट शब्द?”

“मुरला. तू पिंपाला हात लावून विचारलं होतंस. त्यांनी तो तसाच ठेवला, तुझ्यासाठी. लंडनमधली सगळी वाइनवाली माणसं तुझा शब्द वापरतात, सई.”

 मग ती मराठीत बोलली. किती तरी वर्षांनी, एकेक शब्द चाचपत.

“पण ते चूक आहे ना? वाइन ती. मुरली.”

मी बस-स्टॉपच्या बाकावर बसले.

“तुला आठवतंय?” मी विचारलं.

“ऑफ कोर्स. कारमध्ये तू मला म्हणायला लावलंस ना. ऑल द वे टु द एअरपोर्ट. वाइन ती, वाट ती, वेळ ती. बाबा म्हणत होता, लीव्ह इट, आणि तू म्हणालीस, नाही, तिला आलंच पाहिजे. फॉग होता खूप. मला कारसिक होत होतं, बट आय केप्ट सेइंग इट.”

मी आठवून पाहिलं. धुकं आठवलं, मांडीवरची गरम पिशवी आठवली, विनयचे स्टिअरिंगवरचे हात आठवले. माझा आवाज आठवला नाही. ज्या प्रवासात कुणी एक शब्द बोललं नाही असं मी इतकी वर्षं समजत होते, त्यात मी एकटीच बोलत होते.

“मी चुकले,” मी म्हणाले.

“इट्स फाइन, आई.” मम म्हणाली नाही. जरा हसली. “आता काही चुकत नाही माझं. मी बोलतच नाही ना.”

“बोल ना,” मी म्हणाले. “आत्ता बोल. काहीही. मी मध्ये बोलणार नाही.”

“आत्ता? काय बोलू?”

“दिवस कसा गेला, ते सांग.”

बस आली. ड्रायव्हरने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, त्याने दार लावून घेतलं.

“आज ना,” सई म्हणाली, “आज माझी दिवस खूप लांब होती. आणि एक म्हातारी पेशंट होता, त्याला...” आणि ती थांबली. मी काही म्हणते का याची वाट बघत थांबली, हे मला फोनमधूनसुद्धा कळलं. एवढ्याशा बोलण्यात चार चुका झाल्या होत्या. मी मोजल्या, त्याला माझा नाइलाज आहे.

“मग?” मी विचारलं.